टाइप २ मधुमेहातील ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या सुरक्षितपणे लिहून देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ग्लिफ्लोझिन’ गटातील डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपले आणि पाठोपाठ अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. मार्च २०२५ मध्ये याच गटातील एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीतही तेच घडले. त्यामुळे पूर्वी मोठ्या रुग्णालयांपुरत्या असलेल्या या गोळ्या आता सोलापुरात पेठेतल्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि तालुक्याच्या गावातील औषध दुकानात सहज दिसतात. ही गोष्ट स्वागतार्हच आहे, मात्र गोळी पोहोचली त्या वेगाने तिच्याबरोबर सांगायच्या सूचना पोहोचलेल्या नाहीत. फॅमिली डॉक्टर, औषध विक्रेते आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

या गोळ्या नेमके काय करतात?

निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि जवळजवळ सगळेच परत रक्तात शोषले जाते. या शोषणाचे सुमारे ९० टक्के काम ‘एसजीएलटी २’ नावाचे प्रथिन करते. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे हे प्रथिन अडवतात, आणि मधुमेही व्यक्तीच्या लघवीतून रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर बाहेर पडू लागते. साखरेबरोबर पाणी आणि थोडे मीठही जाते, म्हणून रक्तदाब किंचित उतरतो आणि वजन दोन-तीन किलोने कमी होते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साधारण अर्धा ते एक टक्का उतरते. औषधाचा फायदा आणि धोका, दोन्ही याच एका यंत्रणेतून येतात. ती नीट समजली की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप सुचतात.

मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची पहिली गोळी) असताना ही गोळी कोणासाठी निवडावी?

केवळ साखर उतरवायची असेल तर याहून स्वस्त आणि अधिक परिचित औषधे आहेत. ज्या रुग्णाचे हृदय कमकुवत झाले आहे, ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याच्या लघवीतून प्रथिन जाऊ लागले आहे, त्याच्यासाठी मात्र ही गोळी लवकर आठवली पाहिजे. २०१५ मधील ‘एम्पा-रेग आउटकम’, २०१९ मधील ‘डापा-एचएफ’ आणि २०२० मधील ‘डापा-सीकेडी’ या मोठ्या चाचण्यांनी हृदय आणि मूत्रपिंडांना मिळणारे संरक्षण स्पष्ट दाखवले, आणि शेवटच्या दोन चाचण्यांत तर मधुमेह नसलेले रुग्णही होते. अशा रुग्णाला भीतीपोटी हे औषध नाकारणे हेसुद्धा असुरक्षित उपचाराचेच एक रूप आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी काय विचारावे आणि काय तपासावे?

सुरुवात औषधांच्या पिशवीपासून करावी. रुग्ण तोंडाने सांगतो ती यादी बहुतेक वेळा अपुरी असते. पिशवीच टेबलावर उपडी करायला लावली म्हणजे सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली ॲसिक्लोफिनॅकची पट्टी, बीपीच्या गोळीत दडलेले, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, नाव वेगळे पण औषध तेच असलेली गोळी अशा तिन्ही गोष्टी एकदम समोर येतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि वेदनाशामके यांच्या जोडीला ग्लिफ्लोझिन दिल्यास शरीरातील पाणी कमी होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून ही पाहणी टाळण्यासारखी नाही.

दुसरी गोष्ट क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या रक्तातील टाकाऊ पदार्थाची. केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये, त्यावरून ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) काढावा. क्रिएटिनिन १.२ असेल तर ३५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ८० च्या आसपास येतो, तोच १.२ चा आकडा ७० वर्षांच्या आजींच्या रिपोर्टवर असेल तर तो ४९ च्या आसपास भरतो. रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेले असू शकते. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की या गोळीने साखर फारशी उतरत नाही, परंतु हृदय आणि मूत्रपिंडांसाठीचा फायदा टिकतो. म्हणून त्या कारणासाठी ईजीएफआर २५ पर्यंत उतरलेला असला तरी डापाग्लिफ्लोझिन आणि २० पर्यंत उतरलेला असला तरी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू करता येते. मात्र संयुक्त गोळीत मेटफॉर्मिन असेल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो: ईजीएफआर ४५ च्या खाली मेटफॉर्मिनची मात्रा निम्मी करावी आणि ३० च्या खाली ते बंद करावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाय. दोन्ही पायांचे मोजे उतरवून बोटांमधल्या फटी, टाचांच्या भेगा आणि नाडी पाहावी. २०१७ मधील ‘कॅनव्हास’ चाचणीत याच गटातील कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये पायाचे बोट वा पाय कापावे लागण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. नंतरच्या चाचण्यांत ती भीती बरीच ओसरली, तरीही पायाला चिघळलेली जखम किंवा गँगरीन असेल तर ती बरी होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे रुग्णाची शरीरयष्टी. सडपातळ माणूस, काही महिन्यांत वेगाने घटलेले वजन, फार वाढलेली साखर आणि सतत लागणारी तहान असे चित्र असेल तर त्याच्या शरीरात इन्सुलिनच अपुरे आहे, असे आधी गृहीत धरावे. अशा रुग्णाला ही गोळी देणे धोक्याचे आहे, कारण वजन आणखी उतरेल, साखरही थोडी उतरेल, आणि आत किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढत असल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही.

कोणाला ही गोळी देऊच नये?

टाइप १ मधुमेह, पूर्वी होऊन गेलेला डायबेटिक किटोॲसिडोसिस (किटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था), स्वादुपिंडाच्या आजारामुळे झालेला मधुमेह, गर्भारपण आणि स्तनपान. रोज भरपूर दारू पिणारे आणि वजन उतरवण्यासाठी कर्बोदके जवळजवळ बंद केलेले लोकही याच यादीत धरावेत. ‘कीटो डाएट’ करतोय हे रुग्ण आपणहून सांगत नाही, त्यामुळे भाकरी, भात खाता का, असे थेट विचारावे.

साखर १८० असताना किटोॲसिडोसिस होतो, हे खरे आहे का?

होय, आणि या औषधाबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०१५ मध्ये याविषयी इशारा दिला होता. आपल्या मनात किटोॲसिडोसिस म्हटले की साखर ४००-५०० असे चित्र पक्के बसलेले असते. या गोळीमुळे साखर लघवीवाटे निघून जात राहते, त्यामुळे ग्लुकोमीटरवर आकडा २५० च्या आतच दिसतो. दुसरीकडे इन्सुलिन कमी पडल्याने शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लधर्मी होत जाते.

असा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा: यंत्रमागावर काम करणारा पंचेचाळिशीचा माणूस, दोन दिवस ताप, जेवण जात नाही, आज सकाळपासून मळमळ, पोटात दुखते, थोडा दम लागतो. साखर १७०. पित्त झाले असेल असे समजून त्याला पॅन्टोप्रॅझोल आणि उलटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाण्याची शक्यता फार मोठी आहे. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या उलट्या, पोटदुखी, धाप आणि असाधारण थकवा यांकडे, साखर कितीही असली तरी, किटोॲसिडोसिस समजूनच पाहावे आणि तो नाही याची खात्री झाल्यावरच पित्ताचा विचार करावा.

खात्रीसाठी रक्तातील किटोन मोजणे उत्तम. १.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर आकडा असेल तर रुग्णाला दाखल करण्याच्या तयारीने पाठवावे; ३ च्या वर असेल तर एक तासही दवडू नये. लघवीची किटोन पट्टी स्वस्त आहे आणि छोट्या दवाखान्यात तीच हाताशी असते, पण ती बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे मुख्य किटोन दाखवत नाही. म्हणून पट्टी रंगली तर ती गांभीर्याने घ्यावी, आणि न रंगल्यास लक्षणांवर विश्वास ठेवून रक्ताची आम्लता दाखवणारी बायकार्बोनेट किंवा रक्तवायू तपासणी करून घ्यावी. उपचारात सलाइन आणि इन्सुलिन यांच्याबरोबर सुरुवातीपासूनच ग्लुकोज द्यावे लागते, कारण साखर आधीच कमी असते. ती अजून उतरेल या भीतीने इन्सुलिन रोखले तर आम्लता हटत नाही. हे काम आयसीयूची सोय असलेल्या रुग्णालयाचे आहे. पाठवताना चिठ्ठीवर ‘रुग्ण ग्लिफ्लोझिन घेत आहे’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे.

उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर रुग्णाने काय करावे?

गोळी थांबवावी. फोन लागला नाही, डॉक्टर गावी गेले आहेत, दवाखाना बंद आहे, तरी थांबवावी. आपल्याकडे ‘मधुमेहाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही’ हे इतके ठसवले गेले आहे की अंगात ताप आणि पोटात काही नाही अशा अवस्थेतही माणसे निष्ठेने गोळी घेतात. म्हणून आजारपणाचा नियम पहिल्या भेटीतच, रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीसमोर सांगावा: जेवण निम्म्याहून कमी झाले, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, की ही गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही बंद, लघवीची गोळी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारायचे, वेदनाशामक घ्यायचे नाही. नीट खाणे-पिणे सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की गोळी पुन्हा सुरू करायची. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र इन्सुलिन पूर्णपणे कधीही बंद करू नये. ‘जेवत नाही, मग इंजेक्शन कशाला’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण या गोळीच्या सोबतीने तो जिवावर बेतू शकतो.

पुढच्या प्रत्येक भेटीत साखरेचा आकडा विचारण्याआधी “आज्जी, मधे कधी आजारी पडला होता का, तेव्हा गोळी घेतली होती का?” एवढे विचारावे. नियम समजला आहे की नाही ते त्या उत्तरातूनच कळते. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड बोलली जाते. तिथे घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला हा नियम त्यांच्या भाषेत आपल्यासमोर सांगायला लावावा.

एकादशी, नवरात्र, रोजे आणि वारी यांच्या काळात काय करावे?

उपवासाला सरसकट नाही म्हणण्याने काही साध्य होत नाही. माणसे डॉक्टरांना न सांगता उपवास करतात. आधी उपवास कसा करणार, ते विचारावे. साबुदाण्याची खिचडी, वरी, बटाटा असा उपवास कर्बोदकांनी भरलेला असतो, त्यात किटोनपेक्षा साखर वाढण्याची काळजी जास्त. पण केवळ पाणी आणि चहावर काढलेली एकादशी किंवा नवरात्राचे नऊ दिवस लवंग खाऊन राहणे हे या गोळीबरोबर चालणारे नाही. अशा कडक उपवासाच्या आदल्या दिवसापासून गोळी थांबवावी, लांबच्या उपवासात दोन-तीन दिवस आधी, आणि नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर ती पुन्हा घ्यावी.

रमजानमध्ये ही गोळी इफ्तारच्या वेळी घ्यावी आणि इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी भरपूर प्यावे. रमजान तोंडावर आलेला असताना गोळी नव्याने सुरू करू नये; शरीराला तिची सवय व्हायला किमान दोन ते चार आठवडे आधी सुरुवात झालेली असावी. वृद्ध, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि लघवीची गोळी घेणारे यांच्यासाठी त्या महिन्यापुरता दुसऱ्या औषधाचा विचार करावा.

आषाढी वारीला निघणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. दिवसभर चालणे, जेवणाच्या अनिश्चित वेळा, अनोळखी पाणी आणि जुलाबांची साथ यांत आजारपणाचा नियम कागदावर लिहून खिशात असणे आवश्यक आहे. लघवीला जागा मिळत नाही म्हणून स्त्रिया पाणीच पीत नाहीत, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. ज्या माउलींना अनवाणीच चालायचे आहे त्यांचे पाय निघण्यापूर्वी तपासावेत आणि मुक्कामावर रोज रात्री पाय पाहायला सोबतच्या कोणाला तरी सांगून ठेवावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ही गोळी चालते का?

चालते, पण मार्चमध्येच एकदा औषधांचा फेरविचार करावा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा दिवसेंदिवस चाळिशीच्या वर राहतो आणि पत्र्याच्या शेडमधील यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराला बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा सोसावा लागतो. गोळीमुळे लघवीचे प्रमाण सुरुवातीला दिवसाला सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटरने वाढते. घामाने आधीच आटलेल्या शरीरातून तेवढे पाणी आणखी जाते. उठताना चक्कर येणे, उभे राहिल्यावर रक्तदाब २० अंकांनी उतरणे, लघवी गडद होणे ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. अशा वेळी प्रथम लघवीच्या गोळीची मात्रा कमी करता येईल का, ते पाहावे. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचे ग्लिफ्लोझिन उन्हाळा आहे म्हणून संपूर्ण हंगाम बंद ठेवणे चुकीचे ठरेल, आणि त्याने किती पाणी प्यावे हेही मोजूनच सांगावे लागेल. नवीन गोळी सुरू करायची असून घाई नसेल, तर ऐन मे महिन्यात साठीपुढच्या कष्टकरी माणसाला ती सुरू करण्यापेक्षा पावसाची वाट पाहणे मला बरे वाटते.

ग्लिमेपिराइड (शरीरातील इन्सुलिन वाढवणारी गोळी) किंवा इन्सुलिन आधीच चालू असेल तर?

ग्लिफ्लोझिन एकट्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनच्या जोडीने मात्र उतरू शकते. एचबीए१सी उद्दिष्टाच्या जवळ असेल तर ग्लिमेपिराइड निम्मे करावे किंवा थांबवावे आणि इन्सुलिन १० ते २० टक्क्यांनी कमी करावे. त्याहून जास्त कपात एकदम केल्यास किटोनचा धोका वाढतो.

खाज आणि जंतुसंसर्गाविषयी रुग्ण बोलत नाहीत. काय करावे?

बोलण्याची सुरुवात डॉक्टरांनीच करावी. साखरमिश्रित लघवीमुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीची वाढ होते, स्त्रियांमध्ये अधिक. विडी वळणाऱ्या अनेक जणी तासन्‌तास एका जागी बसून काम करतात आणि उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात. खाज सुटली तरी पुरुष डॉक्टरांसमोर त्या शब्द काढत नाहीत आणि गोळीच सोडून देतात. चिठ्ठी देतानाच परिचारिकेकरवी सांगावे की लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करायची, आतील कपडे सुती असावेत, आणि खाज, पांढरा चोथा दिसला तर लाजायचे नाही. बुरशीवर क्लोट्रिमॅझोलचे मलम किंवा फ्लुकोनॅझोलची एक मात्रा बहुधा पुरते. इथे एक खाचखळगा आहे: फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते.

गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या भागात तीव्र वेदना, सूज, लाली आणि ताप असेल तर ते फोर्निअर गँगरीन (त्या भागात झपाट्याने पसरणारा, ऊती कुजवणारा जंतुसंसर्ग) असू शकते. ते फार क्वचित होते, एफडीएने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा इशारा दिला. पण झाले तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते.

गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढले. गोळी बंद करावी का?

पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरणे अपेक्षितच आहे. गाळण्याच्या चाळणीवरील दाब कमी झाल्याचे ते लक्षण असते आणि मूत्रपिंड दीर्घकाळ टिकण्याचे कारणही तेच आहे. उतार ३० टक्क्यांच्या आत असेल आणि रुग्ण बरा असेल तर गोळी चालू ठेवावी. त्याहून जास्त असेल तर शरीरात पाणी कमी आहे का, वेदनाशामक चालू आहे का, ते शोधावे. वृद्ध आणि लघवीची गोळी घेणाऱ्या रुग्णांची तपासणी दोन ते चार आठवड्यांत पुन्हा करावी. बाकीच्यांना एवढी घाई नसते.

लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर ‘४+’ आली आहे. मधुमेह बिघडला का?

नाही. गोळी काम करत असल्याची ती खूण आहे. या गोळीवर असताना मधुमेहाचे मोजमाप रक्तातील साखर आणि एचबीए१सी यांनीच करावे.

ऑपरेशनपूर्वी किती दिवस थांबवावी?

उपाशी ठेवून होणाऱ्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस, आणि याच गटातील एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस. आदल्या रात्री भूलतज्ज्ञांना कळले तर उपयोग नाही, म्हणून तारीख ठरतानाच सर्जनला सांगावे. आतड्यांच्या दुर्बीण तपासणीसाठी पोट साफ करण्याचे औषध घेतानाही हाच नियम पाळावा.

संयुक्त गोळ्या सोयीच्या असतात. त्यांत धोका कोणता?

दोन-तीन औषधे एका गोळीत आली की रुग्ण ती चुकवत नाही, हा फायदा खरा आहे. पण हृदयरोगतज्ज्ञ डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम लिहितात, मधुमेहाच्या डॉक्टरांनी आधीच डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिनची संयुक्त गोळी दिलेली असते, दोन्ही पट्ट्यांवरची नावे पूर्णपणे वेगळी असतात, आणि रुग्ण महिनोन्‌महिने दुप्पट मात्रा घेत राहतो. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय. दुसरी अडचण आजारपणात येते: तिहेरी गोळीतून नेमके एक औषध थांबवता येत नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने औषधे सुटी द्यावीत, मात्रा स्थिरावल्यावर मग एकत्र करावीत.

औषध विक्रेत्यांना एक विनंती आहे. जुन्या चिठ्ठीवर गोळी देताना ‘जेवण नीट जातंय ना, उलट्या वगैरे नाहीत ना’ एवढे विचारावे. रुग्ण डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जातो, तुमच्याकडे दर महिन्याला येतो.

दुष्परिणाम आढळला तर तो कुठे कळवावा?

भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे. तो गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन चालवते आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. डॉक्टर, औषध विक्रेता, परिचारिका आणि रुग्ण स्वतः, कोणीही कळवू शकतो. कळवताना औषधाचे मूळ नाव आणि ब्रँड, पट्टीवरील बॅच क्रमांक, गोळी सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबतची इतर औषधे हाताशी ठेवावीत. म्हणून त्रास झालेल्या रुग्णाची रिकामी पट्टीसुद्धा फेकून देऊ नये.